अज्ञात कारागीर नेमका कोणाला अज्ञात?

पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक फळी आहे. तिच्यावर सतरा मग, चार वाट्या आणि मानेत जराशी वाकलेली एक बाटली आहे. सगळं हातानं घडवलेलं, आणि प्रत्येकाच्या बुडाशी घडवणाऱ्याची खूण. कुणाचा छोटासा शिक्का, तर कुणी माती ओली असताना काडीनं कोरलेली सही. नवीन मग हातात आला की मी आधी तो उलटा करतो. मित्र म्हणतात, हा चहा प्यायच्या आधी क्यूआर कोड शोधतो.

त्यातला सगळ्यात महाग मग चौदाशे रुपयांचा. घेताना मी एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. आई पहिल्यांदा पुण्याला आली तेव्हा तिला किंमत सांगितली. "चौदाशे रुपयाले कप?" एवढंच ती म्हणाली आणि स्वतःचा चहा तिनं स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कलेचं रीतसर शिक्षण नाही. चार वर्षांपूर्वी एका रविवारच्या वर्कशॉपला गेलो. चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणता आणता दोन तास गेले, हाती काहीच लागलं नाही, आणि तरी पुढचा आठवडाभर बरं वाटत राहिलं. तेव्हापासून जमेल तसं शिकतो आणि शिकण्यापेक्षा जास्त विकत घेतो. या जगात थोडे दिवस काढले की कुणी ना कुणी एक पुस्तक वाचायला सांगतंच: सोएत्सु यानागी यांचं 'द अननोन क्राफ्ट्समन', म्हणजे अज्ञात कारागीर. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा पुण्यात, तेव्हा पानंच्या पानं अधोरेखित केली. दुसऱ्यांदा वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी, आजी गेल्यानंतरच्या तेरा दिवसांत. तेव्हा मात्र पुस्तकाच्या नावापाशीच अडलो. हा लेख त्या अडण्याबद्दल आहे.

पुस्तक काय म्हणतं

यानागी (१८८९–१९६१) हे जपानी विचारवंत. १९२५च्या सुमारास शोजी हामादा आणि कान्जिरो कावाई या दोन कुंभार मित्रांबरोबर त्यांनी 'मिंगेई' हा शब्द घडवला. अर्थ साधारण असा: सामान्य लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची कला. १९३६ साली टोकियोत त्यांनी अशा वस्तूंचं संग्रहालय उघडलं. त्यांच्या निबंधांचं बर्नार्ड लीच यांनी केलेलं इंग्रजी रूपांतर १९७२ साली आलं, तेच हे पुस्तक. लीच यांनी १९२० साली इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज इथे हामादांना सोबत घेऊन भट्टी लावली होती. एकाच माणसानं माती मळायची, घडवायची, भाजायची आणि त्यावर आपली खूण उमटवायची, ही स्टुडिओ पॉटरीची आजची रीत रुजवण्यात लीच यांचा वाटा मोठा आहे. भारतातही हा धागा लवकर आला. सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानला गेले, तिथे या मंडळींच्या सहवासात आले आणि पुढे १९५२ साली त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. आज पुण्या-मुंबईत चाकावर बसलेलं कुणी 'साधेपणा' म्हणतं, तेव्हा तो शब्द एवढा प्रवास करून आलेला असतो.

पुस्तकाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. सौंदर्याचा विचार न करता, नाव मिळवायची इच्छा न धरता, रोज शेकड्यानं स्वस्त भांडी करणाऱ्या माणसाच्या हातून जे सौंदर्य उतरतं, ते सही करणाऱ्या कलावंताला साधत नाही.

सगळ्यात चांगला निबंध किझाएमोन नावाच्या चहाच्या वाडग्यावर आहे. जपानमध्ये हा वाडगा राष्ट्रीय ठेवा मानला जातो. क्योटोतल्या एका मंदिरात तो एकात एक ठेवलेल्या पेट्यांमध्ये जपलेला. यानागींनी तो १९३१ साली पाहिला. पेट्या उघडत उघडत शेवटी हाती काय आलं, तर कोरियातल्या कुणा गरिबाच्या जेवणातला साधा वाडगा. अगदी सामान्य. आणि यानागींचं म्हणणं असं की हा सामान्यपणा हेच त्याचं मोठेपण. चहाच्या रसिकांनी तो पुढे निवडला हे खरं, पण घडवणाऱ्याला त्या रसिकतेचा पत्ताही नव्हता.

पहिल्या वाचनात हे मला औषधासारखं लागू पडलं. माझ्या वाट्या एका बाजूला झुकत. प्रत्येक वाटीचा फोटो टाकण्याच्या नादात मी घडवण्यापेक्षा फोटोचाच विचार जास्त करत होतो. यानागी म्हणत होते, स्वतःला विसर, शंभर वाट्या कर. मी शंभर नाही, तीसेक केल्या. पंचविसाव्या वाटीनंतर हात खरोखर शांत झाला. पुस्तकाचं हे म्हणणं चाकावर बसून पडताळता येतं, आणि ते खरं आहे.

मडकं

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आजी गेली. आमचं गाव मालेगाव तालुक्यातलं. नाशिकचं मालेगाव नाही, वाशीमचं. मी रात्रीच्या गाडीनं पोहोचलो तेव्हा अंगणात तयारी चालू होती. स्मशानात बाबांनी पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं. एकेका फेरीला मडक्याला दगडानं एक भोक. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी ते मागे न बघता टाकलं. आवाज फार मोठा झाला नाही. पाणी जमिनीत जिरलं, खापऱ्या तिथेच राहिल्या.

रात्री झोप येईना तेव्हा एक विचित्र प्रश्न डोक्यात आला. माझ्या फळीवरच्या प्रत्येक मगाचा कर्ता मला माहीत आहे. त्याची भट्टी विजेची की गॅसची, त्याचं ग्लेझ राखेचं की लोखंडाचं, हेही माहीत आहे. आणि माझ्या आजीसाठी फुटलेलं मडकं कोणी घडवलं?

दुसऱ्या दिवशी चुलतकाकांना विचारलं. ते म्हणाले, "वाशीमच्या बाजारातून आणलं, ऐंशी रुपयाले." त्यांना एवढंच ठाऊक होतं.

गावात कुंभाराचं घर होतं. मी तिसरी-चौथीत असेपर्यंत त्यांची भट्टी मी पेटलेली पाहिली आहे. संक्रांतीची सुगडं, आखाजीला पूर्वजांच्या नावानं भरायची घागर, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्राचा घट, दिवाळीच्या पणत्या, आणि मयताचं मडकं, सगळं त्यांच्याकडून यायचं. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. आजोबा त्यांना नावानं, एकेरीत हाक मारायचे, जरी ते आजोबांच्याच वयाचे होते. आजीला सुगड कुणी केलं हे बघायला ते उलटं करावं लागत नव्हतं. मामांच्या घडणीची सुगडं जाड काठाची असतात आणि त्यांच्या भावाकडची जरा उंच मानेची, हे तिला हाताला कळायचं.

म्हणजे आमच्या गावात अज्ञात कारागीर कधी नव्हताच. तो आला आहे आत्ता आत्ता, कुंभारघराची भट्टी बंद पडल्यावर, बाजाराच्या गाडीतून. यानागींनी अज्ञाताला भूतकाळात बसवलं. वाशीम जिल्ह्यात मला तो वर्तमानात भेटला.

नाव नसणं आणि ठाऊक नसणं

इथे पुस्तकाची एक गफलत मला दिसते. भांड्यावर नाव नसणं आणि घडवणारा ठाऊक नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी यानागी एकच धरतात. जुन्या भांड्यावर नाव नव्हतं, कारण त्याची गरज नव्हती. बलुत्याच्या व्यवहारात कुंभाराला मडक्यामागे पैसे मिळत नसत. वर्षभर लागतील ती भांडी त्यानं द्यायची आणि सुगीला खळ्यावरून त्याच्या वाट्याची ज्वारी त्यानं न्यायची. एकेका भांड्याला वेगळी किंमत नव्हती, म्हणून एकेका भांड्याला वेगळी सहीही नव्हती. सही किमतीबरोबर येते. ती अहंकारातून येते, हे यानागींचं मत मला अपुरं वाटतं.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. आमच्या कोडच्या प्रत्येक ओळीमागे ती कुणी लिहिली याची नोंद असते. 'गिट ब्लेम' ही आज्ञा दिली की नाव समोर. ॲप वापरणाऱ्याला मात्र त्यातलं एकही नाव दिसत नाही. त्याच्या लेखी आम्ही सगळे अज्ञात. म्हणून आमचा कोड सुंदर होतो, असं मला तरी कुणी अजून म्हणालेलं नाही.

पण जुन्या ओळखीचं गोड चित्र काढलं तर मीही तीच चूक करेन. मामांना सगळं गाव ओळखत होतं, पण त्या ओळखीत मान नव्हता. मयताचं मडकं द्यायला नाही म्हणायची सोय नव्हती. जातीनं ठरवून दिलेलं काम होतं ते. पीक बुडालं तर खळ्यावर आधी हात आखडायचा तो बलुतेदाराच्या वाट्याचाच, आणि आमचं घर धान्य मोजून देणाऱ्यांतलं होतं. निर्मात्यानं स्वतःला विसरावं, असं यानागी म्हणतात. ज्याला स्वतःचं काही निवडण्याची मुभाच नाही, त्याचं विसरणं हे साधनेत जमा करायचं की सक्तीत? किझाएमोनच्या बाबतीतही हा प्रश्न सुटत नाही. १५९०च्या दशकात जपानी फौजांनी कोरियातून कुंभार धरून नेले होते, आणि यानागी त्या वाडग्यापुढे बसले त्या १९३१ साली कोरिया जपानची वसाहत होता. यानागींनी कोरियाच्या बाजूनं लिहिलं, सोलचा जुना राजवाड्याचा दरवाजा पाडण्याला विरोध केला, तिथे १९२४ साली लोककलेचं संग्रहालय उभं केलं. त्यांचं प्रेम खरं होतं. तरीही कोरियन कुंभाराच्या भोळेपणाबद्दल बोलायचा अधिकार पेटीबाहेरच्यालाच राहिला.

तेराव्याला मामांचा नातू आला होता. शाळेत माझ्या एक वर्ष पुढे. आता जेसीबी चालवतो. मी त्याला माझ्या मोबाइलवरचे मग दाखवले, किमती सांगितल्या, आणि शहाण्यासारखं म्हणालो, "तुमच्या घरात तर पिढ्यांची कला आहे, तू काहून नाही करत?" त्यानं फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाला, "अन् तू काहून औत नाही हाकत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

फुटण्यासाठी घडवलेलं

पुस्तकाची दुसरी मर्यादा संग्राहकाची आहे, म्हणून ती मलाही लागू आहे. संग्रहालयात किंवा फळीवर जाऊन बसतं ते टिकलेलं भांडं. स्टोनवेअर बाराशे-तेराशे अंश सेल्सिअसला भाजतात. माती घट्ट होते, ग्लेझ काचेसारखं बसतं, पाणी आत शिरत नाही. गावची भट्टी त्या मानानं मंद असते. तिच्यातल्या भांड्यात बारीक छिद्रं राहतात, म्हणूनच माठ पाझरतो आणि पाझरतो म्हणून पाणी गार होतं. माझा चौदाशेचा मग हे करू शकत नाही. आमच्या काळ्या मातीत तर अडचण आणखी. ती पाण्यानं फुगते, वाळताना तडकते. म्हणून तळ्यातला गाळ शोधायचा, त्यात लीद, राख, तूस मिसळायचं. चाकावर जाड बुडाचं भांडं काढून ते जरा सुकल्यावर आतून गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत फुगवायचं. हे शिकायला वर्षं लागतात.

आणि एवढं करून ती भांडी बहुतेक फुटण्यासाठीच असतात. सुगड सण झाला की संपतं. घट विसर्जित होतो. मयताचं मडकं तर फुटलं तरच त्याचं काम पूर्ण होतं. आमच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची भांडी एकाही संग्रहात जाऊ शकत नाहीत. सौंदर्य टिकलेल्या वस्तूंत शोधणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

त्यांची दखल घेतली ती पुरातत्त्ववाल्यांनी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल. तीन हजार वर्षं उलटून गेली आहेत त्याला. त्याच वसाहतीत कुंभाराची भट्टीही मिळाली. मातीचं भांडं आणि मरण यांचं आपल्याकडचं नातं किती जुनं आहे, हे मला कुठल्याही पॉटरीच्या पुस्तकापेक्षा या दोन मडक्यांनी जास्त समजावलं.

नाव कोणाचं राहतं

आमचं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवून घेतलं. शिलालेखात मंत्र्याचं नाव आहे, राजाचं आहे. रंगवणाऱ्याचं नाही. चौदाशे वर्षांनी, १८७०च्या दशकात, मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी पॉटरी सुरू केली, आणि तिथल्या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतले नमुने उतरले. आज ती भांडी संग्राहक शोधत असतात. संग्रहालयांच्या नोंदींत कर्ता म्हणून बहुधा शाळेचं नाव असतं. चाकावर बसलेला माणूस तिथेही गाळलेला.

याला मराठीत एक ठळक अपवाद आहे. आपल्या भाषेतला सगळ्यात प्रसिद्ध कुंभार अज्ञात नाही. त्याचं नाव गोरा, गाव तेर. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं हे त्यानं सांगितल्याची आणि नामदेव कच्चे ठरल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्या गोष्टीत आता वेगळंच दिसतं. इथे पारख करणारा संग्राहक नाही. पारख कुंभाराची आहे, तीही त्याच्या हत्यारानं. त्याच्या मडक्यांवर सही नव्हती. अभंगाच्या शेवटी मात्र त्यानं आपलं नाव आणि आपलं काम दोन्ही घातलं. यानागींच्या सिद्धान्तात या माणसाला जागा नाही. तो स्वतःला विसरतोही आणि सहीही करतो.

म्हणूनच स्टुडिओ पॉटरीची सही ही काही निव्वळ शहरी चोचला नाही, असं माझं मत झालं आहे. तिनं काही दारं उघडली. आपल्याकडे कुंभारघरातल्या बायका माती मळत, रंगवत, विकायला नेत. चाकावर मात्र अनेक ठिकाणी त्यांना बसू देत नसत. स्टुडिओत बायका चाकावर बसल्या. निर्मला पटवर्धन यांनी ग्लेझवर आयुष्य घालवलं आणि 'हँडबुक फॉर पॉटर्स' लिहून आपल्या ग्लेझच्या कृती सगळ्यांसाठी खुल्या केल्या. आम्ही ज्याला ओपन सोर्स म्हणतो, ते त्यांनी कागदावर केलं. ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या कुंभार घराण्यातले. मुंबईत येऊन ते स्टुडिओ पॉटर झाले आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढीजात हाताला नाव मिळालं म्हणून तो हात बिघडला, असं त्यांची भांडी बघून कोण म्हणेल?

आणि खुद्द हामादा? सेंट आइव्हजहून परतल्यावर त्यांनी भांड्यांवर सही करणं सोडलं. मिंगेईच्या तत्त्वाला धरून. पण भांडं ज्या लाकडी पेटीत विकलं जाई, तिच्यावर त्यांची सही असे. मला यात ढोंग दिसत नाही. हामादांनाही भट्टी चालवायची होती, घर चालवायचं होतं. पण त्यांच्या मित्राच्या सिद्धान्तात ही पेटी बसत नाही.

मग पुस्तक वाचावं का? जरूर वाचावं. पाहायला कसं शिकायचं यावर इतकं चांगलं मी दुसरं वाचलेलं नाही, आणि चाकावर बसणाऱ्यानं तर वाचावंच. फक्त त्याच्या नावातला पहिला शब्द सरळ मान्य करू नये. अज्ञात कोणाला, आणि कधीपासून, हे दोन प्रश्न प्रत्येक पानावर विचारावेत. ज्या कुंभाराला साऱ्या गावानं ओळखलं पण मान दिला नाही, आणि ज्याला आज आपण मान द्यायला तयार आहोत पण ओळखत नाही, त्या दोघांनाही 'अज्ञात' म्हणून कौतुकानं गुंडाळणं सोपं आहे. त्यानं आपली जबाबदारी संपते.

गेल्या उन्हाळ्यात आईबरोबर वाशीमच्या बाजारात माठ घ्यायला गेलो. विकणाऱ्या मावशींना विचारलं, कुठला आहे, कोणी केला? "गाडी येते भाऊ," त्या म्हणाल्या, "कुठून येते, ड्रायव्हरले माहीत." मी सवयीनं माठ उलटा केला. बुडाला सही नव्हती. थापटण्याचे चपटे ठसे मात्र होते, एकावर एक, जवळजवळ, सगळे एकाच बाजूला जरासे कलते.

आई वीस रुपये कमी करायला सांगत होती. मी मावशींचा नंबर घेतला आणि ड्रायव्हर पुन्हा कधी येतो ते विचारलं. त्या म्हणाल्या, गुरुवारी.